देव्हाऱ्यातला पितळी बिल्ला

आमच्या नंदूला कुणी 'खजिनेवाला' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, हा माणूस असा, की सिग्नल पिवळा व्हायच्या आधीच ब्रेक मारतो आणि मागच्याचा हॉर्न ऐकून घेतो. हॉटेलात भाजी खारट निघाली तर वेटरला 'व्हेरी नाइस' म्हणतो आणि घरी येऊन तांब्याभर पाणी पितो. इथे ओमानला, कुरुम भागात, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तो ऑफिस सांभाळतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साहेब असो, भाऊ असो, भाजीवाला असो, कुणाकडे त्याने काही ठासून मागितल्याचं मला आठवत नाही. आवाज चढवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे.

त्याचा एकच नाद. समोरच्या व्हिलातला एक इंग्रज म्हातारा मायदेशी परत जाताना त्याला एक मशीन देऊन गेला. लांब दांडा, खाली ताटलीएवढं चाक, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की ते पिंपिं करतं. अल हैलला आमच्या घरापासून बीच जवळच, त्यामुळे नंदू शुक्रवारी सकाळी ते घेऊन निघायचा. कशासाठी, तर लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधायला! कुणाची गाडीची किल्ली, कुणाच्या पोरीचं पैंजण. सापडलं की नेऊन द्यायचं, चहा प्यायचा आणि लाजत लाजत परत यायचं. स्वतःसाठी त्याने सोड्याच्या बाटलीचं बूचसुद्धा ठेवलं नाही कधी.

तर झालं असं. आमच्या वरच्या मजल्यावरची फ्लाविया, वसईची, हॉटेलात हाउसकीपिंग बघते. तिची लग्नाची अंगठी पिकनिकमध्ये हरवली. बीचच्या मागे खजुराची एक ओसाड बाग आहे, तिथे पडक्या विहिरीजवळ ते सगळे जेवायला बसले होते. बाई रडून रडून अर्धी झाली. अंगठी पुढे तिच्याच कूलरबॉक्समध्ये बर्फाच्या पाण्यात मिळाली, ते जाऊ दे. पण त्या शुक्रवारी नंदू आणि आमची मधुवंती तिच्याबरोबर मशीन घेऊन गेले, आणि अंगठीऐवजी कोपरभर मातीखालून एक चकती वर आली.

मारी बिस्किटाएवढी. काळी-हिरवी, अंगावर वाळूचा दगडासारखा थर, वरच्या बाजूला भोक, आणि त्या थरात रुतून बसलेला नखाएवढा पांढरा शिंपला. एका कडेला थोडं उघडं होतं, तिथे कुठल्याशा जनावराचं डोकं दिसत होतं. नंदूने ती घरी आणली, वॉशिंग मशीनवर एका स्टीलच्या वाटीत ठेवली आणि म्हणाला, "उद्या कुणाला तरी विचारतो, काय करायचं याचं."

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हे सांगायला बसले नसते.

मधुवंती बारावीत आहे. इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकलेली, तिचं मराठी म्हणजे इंग्रजीच्या ताटात लोणच्याएवढं. तिने चकतीचा फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाबा फाऊंड ट्रेझर!' झालं. ग्रुपवर आमचा मित्र कौशिक आहे, सध्या सुट्टीवर पुण्याला गेलेला, ज्याला गुगल उघडायच्या आधीच सगळं ठाऊक असतं. त्याने ठोकून दिलं, "पोर्तुगीजांचं सोनं दिसतंय! म्युझियम पीस! नंदूशेठ, पार्टी!" मग काय, फोटो फॉरवर्ड होत होत कुठे कुठे गेला, देव जाणे.

शनिवारी सकाळी नंदूच्या कंपनीच्या मंदूबचा फोन आला. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारदरबारची कामं करणारा माणूस. ओमानी, पण हिंदी झकास बोलतो, आणि एरवी नंदूशी अगदी गोडीने. त्या दिवशी गोडी नव्हती.

"नंदूभाई, ये क्या किया? इधर जमीन से पुराना चीज निकला तो वो सरकार का है. फोटो ऑफिस तक पहुंच गया. कल सुबह लेके जाओ. जैसा मिला वैसा, समझे? धोना नहीं, घिसना नहीं. तुम्हारा पूरा फॅमिली का कार्ड रिन्यूअल में पडा है मेरे टेबल पे. कुछ लफडा हुआ तो खलास, मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा."

नंदूने फोन ठेवला. इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड अडकलं म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे घर गेलं, आणि मार्चमध्ये पोरीची बोर्डाची परीक्षा. सासूबाईंसकट चौघांनी चंबूगबाळं आवरून निघायचं. तेही चोर म्हणून! या माणसाने, ज्याने दुसऱ्याचं पेनसुद्धा खिशात राहिलं तर टॅक्सी करून परत नेऊन दिलेलं आहे.

"आत्ताच पिशवीत घालून ठेवतो," तो म्हणाला आणि वॉशिंग मशीनकडे गेला.

वाटी होती. चकती नव्हती.

पुढचे काही तास कसे गेले ते माझं मला माहीत. वॉशिंग मशीन ओढून काढलं, कचऱ्याचा डबा गॅलरीत उपडा केला, मधुवंतीची खोली पालथी घातली. ती रडायला लागली. "आय डिडन्ट टच इट, आई, प्रॉमिस!" मी तिच्यावर खेकसले, नंदूवर खेकसले, फ्लावियाला फोन करून तिच्यावरही खेकसले. नंदू मात्र सोफ्यावर हात जोडल्यासारखे धरून बसला होता. ते बघून मला जास्तच राग येत होता. माझ्या सासूबाई, शैलाताई, आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो, त्या सकाळपासून गुडघ्याला तेल लावून आपल्या खोलीत पडून होत्या, म्हणून त्यांना यातलं काही सांगितलंच नव्हतं. उगीच बीपी वाढायला नको.

दिवेलागणीला आई उठल्या, देव्हाऱ्याची दारं उघडली, निरांजन लावलं आणि घंटा वाजवली. मी सहज तिकडे पाहिलं.

देव्हाऱ्यात मधोमध, झेंडूच्या दोन फुलांमध्ये, भंडारा माखलेली एक पितळी चकती नव्या तांब्यासारखी झळकत होती.

"आई! हे काय?"

आईंचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "अगं, वाटीत पडला होता गं बिचारा, वॉशिंग मशीनवर! नुसता घाणीने माखलेला. काल रात्री चिंचेच्या कोळात भिजत घातला, पहाटे मीठ लावून नारळाच्या शेंडीने घासला. बघ तरी. घोड्यावर बसलाय. खंडोबा आहे गं, आपला खंडोबा! शोधत आला बघ मला इथवर."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमचं कुलदैवत खंडोबा. आईंच्या लग्नात त्यांच्या सासूने त्यांच्या ओंजळीत घातलेला खंडोबाचा टाक, जन्मभर त्यांनी पूजला. सासरे गेले, चिंचवडच्या घराची वाटणी झाली, तेव्हा मोठ्या दिरांनी, 'देव थोरल्याकडे' म्हणून तो उचलला. नंदू तिथेच बसलेला होता. मूग गिळून. आई आमच्याकडे ओमानला आल्या आणि टाकाच्या जागी एक सुपारी ठेवून तिलाच खंडोबा म्हणत आल्या. एका शब्दाने तक्रार नाही. फक्त रविवारी त्या सुपारीला भंडारा वाहताना त्यांचा हात जरा वेळ तिथेच राहायचा.

हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं हो. पण मंदूबचं 'धोना नहीं, घिसना नहीं' कानात घणघणत होतं. नंदू देव्हाऱ्यासमोर येऊन उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. काळी-हिरवी वस्तू फोटोत. आणि ही पिवळीधमक देव्हाऱ्यात. कोण म्हणेल दोन्ही एकच?

"नूतन," तो हळूच म्हणाला, "त्यांना वाटेल खरी वस्तू मी दडवली. आणि बाजारातून ही आणली."

मग मी आईंना सगळं सांगितलं. ओरडूनच सांगितलं, खोटं कशाला बोलू. कार्ड, नोकरी, परीक्षा, सगळं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा विझत गेला. पण शेवटी म्हणाल्या काय, "उद्या रविवार आहे. देवाच्या वाराला देव घराबाहेर काढायचा? मी नाही देणार."

"आई, तो देव नाहीये! काहीतरी चकती आहे!"

"तुला काय माहीत काय आहे ती? कुणाला माहिती आहे? एकाने तरी सांगितलंय?"

खरंच कुणाला माहीत नव्हतं.

नंदू खाली बसला, आईच्या पायाशी. "आई, माझ्यासाठी दे," एवढंच म्हणाला. त्यांनी निरांजनातली वात सारखी केली. मग म्हणाल्या, "देते. पण माझ्या हाताने देईन. मला घेऊन चला."

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, आम्ही तिघं निघालो. नंदूने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जणू इंटरव्ह्यूला निघालाय. आई मागे बसल्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चकती. जुन्या वस्तूंचं काम बघणाऱ्या त्या सरकारी ऑफिसात एसी इतका होता की माझे दात वाजत होते, आणि नंदूच्या कपाळावर घाम.

बद्रिया नावाची तरुण अधिकारी होती. काळा अबाया, गोल चष्मा, हातात पांढरे मोजे. बोलायला सौम्य, पण डोळे सगळं टिपणारे. तिच्या टेबलावर तोच फोटो मोठा करून छापलेला. आईंनी पिशवीतून चकती काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. बद्रियाने चकतीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, परत चकतीकडे.

"ही ती नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

"तीच आहे, मॅडम," नंदू म्हणाला.

"फोटोतल्या वस्तूवर जाड थर आहे. हा शिंपला बघा. ही तर परवा घडवल्यासारखी दिसते." तिने पेन खाली ठेवलं. "मिस्टर नंदू, मी पुन्हा विचारते. फोटोतली वस्तू कुठे आहे?"

मीच सुरू झाले. सासूबाईंनी देव समजून घासली, आमच्याकडे देवाची भांडी चिंचेने घासतात, वगैरे वगैरे. इंग्रजीत ते इतकं खोटं वाटत होतं की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. बद्रियाने शांतपणे ऐकून घेतलं. "जमिनीतून निघालेली जुनी वस्तू कुणी चिंचेने घासतं?" आणि तिने फोनकडे हात नेला. "मला वरिष्ठांना बोलवावं लागेल."

झालं, संपलं, असं मला वाटलं. नंदूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"काय म्हणते गं ती?" आईंनी विचारलं.

"म्हणते खरी वस्तू कुठाय? तो वरचा थर कुठाय, शिंपला कुठाय?" मी चिडूनच म्हटलं. "आता कुठून आणू तिला शिंपला? गेला ना सिंकमधून!"

"सिंकमधून?" आई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी चपला घालून देव्हाऱ्यात शिरले. "देवाच्या अंगावरचं मी मोरीत घालीन? काय बोलतेस!"

आणि त्यांनी कापडी पिशवीतून दुसरी पिशवी काढली. निर्माल्याची. आमच्याकडे वाहिलेली फुलं कधी कचऱ्यात जात नाहीत, आई ती साठवून ठेवतात आणि बीचवर गेलं की समुद्रात सोडतात. परतताना वाटेत सोडायची म्हणून त्यांनी ती बरोबर घेतली होती. टेबलावर त्यांनी आपला रुमाल पसरला आणि त्यावर पिशवी हलकेच रिकामी केली. सुकलेला झेंडू, वाती, चिंचेचा चोथा, आणि त्या चोथ्यात काळ्या-हिरव्या खपल्या. कपच्या, चुरा, आणि एक मोठा तुकडा, बशीच्या टवक्यासारखा. त्यात नखाएवढा पांढरा शिंपला.

बद्रियाचा हात फोनवरून खाली आला.

तिने चिमट्याने तो तुकडा उचलला, चोथा पुसला, फोटोवर धरला. मग उलटा केला. आतल्या बाजूला जनावराच्या पाठीचा आणि माणसाच्या खांद्याचा उलटा ठसा उमटलेला होता. तिने तो चकतीवर टेकवला, जरा फिरवला, आणि तो बसला.

"या अल्ला," ती पुटपुटली आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा. "इट इज द सेम."

नंदूने रुमालाने कपाळावरचा घाम पुसला. मी रडले की हसले, आठवत नाही. बद्रियाने आईंना 'उम्मी' म्हटलं, म्हणजे आई, आणि मला म्हणाली, "त्यांना सांगा, पुन्हा असं घासू नका. जुन्या वस्तूवरचा थर आम्हाला खूप काही सांगतो. पण तो जपून ठेवल्याबद्दल थँक यू."

मग ती भिंगातून चकती बघत बसली. "घोडा नाहीये हा," ती म्हणाली. "कान बघा. आणि दोन्ही बाजूंना हे फुगलेलं काय आहे?" तिला काहीतरी सुचलं असावं. तिने व्हिडिओ कॉल लावला, सीबला राहणाऱ्या आपल्या आजोबांना. पांढरी दाढी, डोक्यावर नक्षीची टोपी, खजूर खात बसलेले. तिने चकती कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हातारा जागेवरून उठलाच. अरबीत काय काय बोलला. मग आमच्याकडे नजर गेली, आईंची साडी दिसली, आणि तो थेट हिंदीत आला. तरुणपणी मुंबईला जाऊन आलेला होता.

"पानी! ये पानी का बिल्ला है! हमारा कुआं खारा था. मीठा पानी गधे पे आता था, चमडे के थैले में. पानीवाला पहले पैसा लेके बिल्ला देता था. रोज पानी आया, एक बिल्ला वापस. मेरी मां दरवाजे पे बिल्ला लेके खडी रहती थी."

गधे पे. आईंना हिंदी चांगलं कळतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. कार्ड वाचलं होतं, नोकरी वाचली होती, पण एका म्हातारीने दोन दिवस खंडोबा म्हणून ज्याला भंडारा लावला तो गाढवावर बसलेला पाणीवाला निघाला होता.

आई मात्र पडद्याकडे वाकून बघत होत्या. त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, "भाईसाब, किसी के पास बिल्ला नहीं होगा तो? प्यासा रहता था?"

"नहीं बहन," म्हातारा म्हणाला. "मांगो तो देता था. अच्छा आदमी था. लेकिन मांगना पडता था. चुप बैठे तो गधा आगे निकल गया."

म्हातारा हसला, बद्रियाही हसली. नंदू हसला नाही.

सही-शिक्के झाले. बद्रियाने बजावलं की परवानगीशिवाय ते मशीन पुन्हा फिरवायचं नाही, आणि नंदूने जन्मात इतक्या जोराने मान हलवली नसेल. निघताना आईंनी चकतीवर चार तांदूळ वाहिले. बद्रियाने मोजे काढले आणि दोन्ही तळवे पुढे केले. आईंनी तिच्या हातात ती ठेवली आणि मागे वळून न बघता बाहेर आल्या.

गाडीत बसलो. आईंनी बटव्यातून ती देव्हाऱ्यातली सुपारी काढली आणि मुठीत धरून बसल्या. परत तीच. नंदूने इंजिन चालू केलं, पण गाडी हलेना.

"चल ना," मी म्हटलं.

त्याने फोन काढून गाडीच्या स्पीकरवर लावला. चिंचवडला.

"दादा, नंदू बोलतोय. आईचा खंडोबाचा टाक तुझ्याकडे आहे. तो मला पाहिजे. माझा मित्र कौशिक पुढच्या आठवड्यात पुण्याहून इकडे येतोय, त्याच्याकडे दे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हा आवाज मी ऐकलेला नव्हता. त्यात 'जमलं तर' नव्हतं, 'राग नको मानूस' नव्हतं.

तिकडून दीर म्हणाले, अगदी सहज, "अरे, टाक होय? तो माळ्यावर आहे बघ, पितळी डब्यात. नव्या फ्लॅटमध्ये हिने मार्बलचा देव्हारा केला ना, त्यात जुनं काही बसेना. घेऊन जा की. कुणी मागितलाच नाही कधी."

माळ्यावर. इतकी वर्षं. इथे सुपारी आणि तिथे तो माळ्यावर! माझ्या तोंडात आलेल्या शिव्या मी बाहेर काढणारच होते, तेवढ्यात मागून आईंचा हात माझ्या खांद्यावर आला. चांगला जड पडला. त्या पुढे वाकल्या, स्पीकरकडे तोंड केलं. आवाजात राग नव्हता.

"बाळा, उतरव त्याला आधी. आजच उतरव. आणि घासू-बिसू नकोस हां. तसाच पाठव. मी घासीन."